पोलीस ठाण्यातले पहिले चोवीस तास: घटनेतले हक्क प्रत्यक्षात कसे मागायचे

"जरा ठाण्यात या, साहेबांनी बोलावलंय." बऱ्याच प्रकरणांची सुरुवात या एका वाक्याने होते. बोलावणं साक्षीदार म्हणून आहे, संशयित म्हणून आहे की नुसती दमबाजी आहे, हे त्या वाक्यातून कळत नाही. घरातली माणसं मग ओळखीचा नगरसेवक शोधतात, ओळखीचा हवालदार शोधतात आणि वकिलाला सगळ्यात शेवटी फोन करतात. तोवर सात-आठ तास गेलेले असतात, दोन-चार कागदांवर सह्याही झालेल्या असतात.

अनुच्छेद २०, २१ आणि २२ आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले असतात. ठाण्यात मात्र त्यांचा उपयोग पाठांतराने होत नाही. तिथे दोनच गोष्टी कामाला येतात: वेळ आणि कागद. किती वाजता नेलं, कोणी नेलं, काय लिहून दिलं, कशावर सही घेतली, एवढं ज्याच्याकडे टिपलेलं असेल त्याच्या वकिलाला कोर्टात बोलायला जागा मिळते. म्हणून पुढचा प्रत्येक टप्पा त्याच अंगाने सांगतो आहे.

हे हक्क आले कुठून, थोडक्यात

अनुच्छेद २१ म्हणतो की कायद्याने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाचंही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. संविधान सभेत यावर बरीच टीका झाली. संसदेने उद्या कसलीही कार्यपद्धती ठरवली तर काय, असा सदस्यांचा सवाल होता. त्यावर उतारा म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी मसुद्यात '१५-अ' हे नवं कलम मांडलं. तेच आजचं अनुच्छेद २२. अटकेची कारणं सांगणं, पसंतीचा वकील आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं, हे तीन हक्क त्यात आहेत. अनुच्छेद २० मधला आपल्या कामाचा भाग हा, की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही.

आणीबाणीत, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने सांगितलं की बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धसुद्धा नागरिक दाद मागू शकत नाही. विरोधातलं एकटं मत न्या. एच. आर. खन्ना यांचं. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद झाली. त्या यादीत २२ नाही, हे सहसा कोणी सांगत नाही.

रोजच्या व्यवहारात या अनुच्छेदांचा तपशील भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. १ जुलै २०२४ पासून तिने जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेतली. खाली 'संहिता' म्हटलं आहे ती हीच. जुने कलमक्रमांक पाठ असलेल्या मंडळींकडून सल्ला घेताना एवढं ध्यानात असू द्या.

पहिला टप्पा: बोलावणं येतं तेव्हा

पहिला प्रश्न एकच विचारायचा: "साहेब, लेखी नोटीस आहे का? कोणत्या कलमाखाली?"

साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर ते कलम १७९. यात महिला, १५ वर्षांखालील मुलगे, ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारपूस करायची. आजोबांना बाकड्यावर दिवसभर बसवून ठेवलं असेल तर हे कलम शांतपणे दाखवावं.

संशयित म्हणून बोलावलं असेल आणि त्याच वेळी अटकेची गरज नसेल, तर कलम ३५(३) ची नोटीस निघते. ही नोटीस म्हणजे एक प्रकारचं संरक्षणच आहे. नोटीशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला, अटक का आवश्यक आहे याची कारणं नोंदवल्याशिवाय, त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक सरसकट करायची नाही, आधी गरज तपासायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलं आहे. शिवाय तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी ६० वर्षांवरचा किंवा अशक्त असेल, तर उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. म्हणून आलेला मेसेज दुर्लक्षून बसू नका. वकिलामार्फत लेखी कळवा की रीतसर नोटीस द्या, हजर राहतो. न जाणं हा सगळ्यात वाईट पर्याय. पुढे अटकेचं समर्थन करताना 'सहकार्य केलं नाही' हेच वाक्य लिहिलं जातं.

जाताना नोटीशीची प्रत घरी ठेवा, निघण्याची वेळ घरच्या कोणाला तरी मेसेज करून ठेवा, सोबत एक माणूस न्या. त्याला आत येऊ दिलं नाही तरी तो बाहेर आहे याचा उपयोग होतो.

(जाता जाता: व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस 'डिजिटल अटक' झाली म्हणत असेल तर तो ठग आहे. अशी अटक कोणत्याच कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार करा.)

दुसरा टप्पा: अटक होताना

१९९६ च्या डिसेंबरमध्ये डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबत सूचना घालून दिल्या. त्यातल्या बहुतेक आता संहितेच्या कलम ३६ ते ४८ मध्येच आहेत. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे. अटकेचं ज्ञापन जागेवर तयार व्हायला हवं, त्यावर घरातल्या किंवा त्या भागातल्या एका प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही लागते. नातेवाईक, मित्र किंवा सांगाल त्या माणसाला पोलिसांनी ताबडतोब कळवायचं असतं.

ज्ञापनावर सही करताना एकच गोष्ट तपासा: अटकेची वेळ. सकाळी नऊला नेलं आणि कागदावर रात्री साडेनऊ लिहिलं असेल, तर सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहा: 'मला सकाळी ९ वाजता घरून आणले.' लिहू देत नसतील तर ती गोष्ट लक्षात ठेवा, कोर्टात सांगायची आहे.

दुसरा कागद याहूनही महत्त्वाचा: अटकेची कारणं. पूर्वी पोलीस तोंडी काहीतरी सांगत आणि डायरीत 'कारणे समजावून सांगितली' अशी ओळ टाकत. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने एकामागून एक निकालांत ही पळवाट बंद करत आणली. आधी मनी लाँडरिंगच्या, मग यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या प्रकरणात लेखी कारणं बंधनकारक ठरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात न्यायालयाने ती सर्व गुन्ह्यांना लागू केली. कारणं लेखी हवीत, आरोपीला समजेल त्या भाषेत हवीत, आणि जागेवर देणं शक्यच नसेल तर निदान रिमांडसाठी, म्हणजे कोठडीच्या आदेशासाठी, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याच्या दोन तास आधी मिळाली पाहिजेत. तसं झालं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. मात्र कारणं पुरवून पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात, तेव्हा एवढ्यावर विसंबून राहू नये.

इथे एक बारकावा आहे. 'पुरावा नष्ट करू नये म्हणून', 'पळून जाऊ नये म्हणून' असला छापील मजकूर कोणत्याही आरोपीला चिकटवता येतो. तो अनुच्छेद २२ साठी पुरत नाही. याच माणसाने काय केल्याचा आरोप आहे, कधी, कुठे, कोणत्या आधारावर, हे त्या कागदात असलं पाहिजे. मिळालेला कागद वाचून स्वतःला विचारा, यात माझ्याबद्दल काय आहे? उत्तर 'काहीच नाही' असं आलं तर वकिलाला तेच दाखवा.

महिलांच्या बाबतीत सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच तर महिला अधिकाऱ्यामार्फत आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी घेऊनच. 'नुसती चौकशीला नेतोय' म्हणून रात्री महिलेला गाडीत बसवत असतील तर परवानगीचा कागद मागा.

एफआयआरची प्रत मागून घ्या. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकाव्यात असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर त्या शोधता येतात. घरच्यांनी ठाण्यात हेलपाटे घालण्यापेक्षा आधी तिथे पाहावं.

तिसरा टप्पा: चौकशीच्या खोलीत

नाव, पत्ता, व्यवसाय विचारला तर सरळ सांगावं. त्यापुढे, ज्या उत्तराने आपण गुन्ह्यात अडकू असं वाटतं त्यावर 'वकिलाशी बोलून सांगतो' असं म्हणण्याचा हक्क अनुच्छेद २०(३) देतो, आणि १९७८ च्या नंदिनी सत्पथी निकालानुसार तो ठाण्यातल्या चौकशीतही मिळतो. खोटं मात्र बोलू नये. गप्प राहण्याचा बचाव करता येतो, रचलेल्या हकिकतीचा करता येत नाही.

चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ मध्ये आहे, पण सगळा वेळ वकील शेजारी बसेल असा नाही. सिनेमात पाहून लोक इथे चुकीची अपेक्षा धरतात.

आता सह्यांचं. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते, असं कलम १८१ सांगतं. ठाण्यात दिलेला कबुलीजबाबही नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पण त्याच कलमात एक दार उघडं आहे. 'मी हत्यार अमुक ठिकाणी ठेवलंय, दाखवतो' असं पंचांसमोर सांगितलं आणि तिथे वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुरावा होतो. यालाच मेमोरँडम पंचनामा म्हणतात, आणि कित्येक खटले त्यावरच उभे राहतात. म्हणून 'काही होत नाही, करा सही' असं म्हणत पुढे आलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या कागदावर तर अजिबात नको. मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली मात्र अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरला जातो. तिथे जपून राहावं.

बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने नाकारता येत नाहीत. १९६१ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ते 'साक्ष' नसल्याचं ठरवलं. नार्को चाचणी संमतीशिवाय नाही, हा २०१० चा निकाल. मोबाइलचा पासवर्ड द्यावाच लागतो का, यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही. तिथे वकिलाला विचारूनच ठरवा. फोन जप्त केला तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय क्रमांक आणि जप्तीची वेळ आली आहे ना, एवढं नक्की पाहा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही आता कलम १०५ प्रमाणे व्हायला हवं.

अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरकडून तपासणी होते. 'काही त्रास आहे का' असं डॉक्टर उभ्या उभ्या विचारतात आणि सोबतच्या पोलिसाकडे पाहून माणूस 'नाही' म्हणतो. तसं करू नका. मार लागला असेल तर जागा दाखवा. अहवालाची प्रत आरोपीला किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यायची असते, ती मागा.

चौथा टप्पा: चोवीस तासांचं गणित

अनुच्छेद २२(२) प्रमाणे अटकेपासून चोवीस तासांत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. प्रवासाला लागणारा आवश्यक वेळ तेवढा वगळायचा. रविवार, दिवाळी, दुसरा शनिवार वगळायचा नाही. सुट्टीच्या दिवशीही एक न्यायदंडाधिकारी नेमलेला असतो.

वाद होतो तो घड्याळ कुठून सुरू करायचं यावर. पोलीस म्हणतात ज्ञापनावर लिहिलेल्या वेळेपासून. पण माणसाची हालचाल ज्या क्षणी रोखली, मनात आलं तरी त्याला उठून जाता येईना, तिथूनच अटक धरायची, असं मुंबई उच्च न्यायालयाने कस्टमच्या एका जुन्या प्रकरणात म्हटलं आहे. 'अटक नाही, बसवून ठेवलंय' अशी तिसरी अवस्था कायद्यात नाही. हे सिद्ध करायला सकाळचा मेसेज, बाहेर थांबलेला माणूस, फोनचं लोकेशन, इमारतीच्या गेटवरचा कॅमेरा असली साधी साधनंच उपयोगी पडतात. घरच्यांना अजून एक करता येईल. अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाला ईमेल करा: अमुक व्यक्तीला अमुक वाजता अमुक ठाण्यात नेलं आहे, अटक केली असल्यास कळवावे. उत्तर येवो न येवो, ईमेलवर वेळ पडते.

पाचवा टप्पा: पहिली रिमांड

माझ्या मते सगळ्या चोवीस तासांतले सर्वात मोलाचे क्षण हेच, आणि सर्वात वाया जाणारेही हेच. बोर्डावर प्रकरणांची रांग, सरकारी वकील 'सात दिवसांची पीसीआर (पोलीस कोठडी) द्यावी' म्हणतात, आरोपी मागे कठड्याशी मान खाली घालून उभा. न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" तो मान हलवतो आणि रोजनाम्यात लिहिलं जातं: 'तक्रार नाही.' पुढे मारहाणीबद्दल काहीही म्हटलं तरी ही ओळ आडवी येते.

तेव्हा बोलायचंच. ठाण्यात परत जायचं आहे ही भीती खरी आहे, पण नोंद झालेली तक्रार तिथे गेल्यावर ढालीसारखी उपयोगी पडते. चार-पाच वाक्यं पुरेत: मला अमुक वाजता नेलं, कारणं लेखी मिळाली किंवा मिळाली नाहीत, घरी कळवलं किंवा कळवलं नाही, मला इथे इथे मारलं, वैद्यकीय तपासणीचा आदेश द्यावा. घरी कळवल्याची खातरजमा करणं हे कलम ४८ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, त्यामुळे आपण काही जगावेगळं मागत नसतो. पोलीस कोठडीसाठी आरोपीला प्रत्यक्ष उभं करावं लागतं; व्हिडिओवर भागत नाही.

वकील नसेल तर तिथेच सांगा, "मला मोफत वकील हवा." कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे यासाठी पात्र असते. हा हक्क पहिल्या हजेरीपासून लागू होतो आणि तो आरोपीला सांगणं हे न्यायदंडाधिकाऱ्याचं काम आहे, हे भागलपूरच्या अंध केलेल्या कैद्यांच्या प्रकरणात १९८० च्या डिसेंबरमध्येच ठरलं. महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयांत यासाठी लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत. घरच्यांनी १५१०० वर फोन करावा किंवा तालुका विधी सेवा समितीत जावं.

पोलीस कोठडी सर्वसाधारणपणे एकूण पंधरा दिवसांहून जास्त नसते. मात्र नव्या संहितेत ती सलग घ्यावी लागत नाही. गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यांनीही घेता येते. म्हणून 'एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली, आता सुटलो' असं धरून चालू नका.

जामीन

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे आणि तो ठाण्यातच मिळतो. जामीनदार आणता आला नाही आणि अटकेला आठवडा झाला, तर ती व्यक्ती निर्धन मानून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडायची असते.

अजामीनपात्र गुन्ह्यात कॅलेंडरवर एक तारीख आत्ताच लिहून ठेवा. पहिल्या रिमांडपासून ६० दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत, दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर जामिनाचा हक्क आपोआप उभा राहतो. अर्ज मात्र करावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याआधी करावा लागतो. एका दिवसाच्या आळसाने हा हक्क जातो. यूएपीए आणि मकोकासारख्या कायद्यांत ही मुदत वाढवता येते.

माणूस कुठे आहे तेच कळत नसेल तर

ठाणं म्हणतं आमच्याकडे नाही, आणि चोवीस तास उलटले. अशा वेळी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा अशी, याचिका करता येते. ती नातेवाईक करू शकतो, मित्रही करू शकतो. तातडीचं प्रकरण म्हणून ती लवकर घेतली जाते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांच्या जोडीला ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांची मुंबई वारी वाचली आहे. एकदा न्यायदंडाधिकाऱ्याने रिमांडचा आदेश दिला की मात्र ही याचिका सहसा टिकत नाही; मग जामीन हाच रस्ता.

जिथे हे सगळं लागू पडत नाही

अनुच्छेद २२ च्याच पोटात एक मोठा अपवाद आहे: प्रतिबंधात्मक स्थानबद्धता, म्हणजे पुढे गुन्हा घडू नये म्हणून आधीच डांबून ठेवणं. एमपीडीए (महाराष्ट्राचा धोकादायक व्यक्तींविरुद्धचा कायदा), रासुका (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) यांसारख्या कायद्यांखाली स्थानबद्ध केलेल्याला चोवीस तासांचा नियम आणि पसंतीच्या वकिलाचा हक्क मिळत नाही. त्याला कारणं कळवावी लागतात आणि निवेदन करण्याची लवकरात लवकर संधी द्यावी लागते. तीन महिन्यांहून अधिक ठेवायचं तर सल्लागार मंडळाची मान्यता लागते. इथे सगळी लढाई त्या निवेदनावर असते: ते कधी दिलं, सरकारने किती दिवस दाबून ठेवलं. निवेदनाची पोच जपून ठेवा. उशिरापायी कित्येक स्थानबद्धता रद्द झाल्या आहेत.

बाहेर आल्यानंतर

बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल नुकसानभरपाई मिळू शकते. निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं बिहारच्या तुरुंगात पडून राहिलेल्या रुदुल शाह यांना १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकूण ३५ हजार रुपये देवविले. रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण मूलभूत हक्क मोडला तर सरकारने पैसे मोजायचे ही वाट तिथून पडली. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची तर घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी. पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येतं.

यातलं काहीही करायचं असलं तरी आधी ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण वाचवा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ते अठरा महिने, आणि तशी सोय नसेल तर किमान वर्षभर ठेवायचं आहे. प्रत्यक्षात 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर फार लवकर येतं. सुटल्यावर पहिल्या आठवड्यात ठाण्याला, अधीक्षकांना आणि संबंधित न्यायालयाला अर्ज द्या: 'दिनांक अमुक, सकाळी ९ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२ या वेळेतील प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष, व्हरांडा आणि लॉकअपसमोरील चित्रण जतन करण्यात यावे.' तिन्ही प्रतींवर पोच घ्या, शिक्क्याखाली तारखेसोबत वेळही घालायला सांगा.